गावचा इतिहास, मुलांच्या वहीत



पाचवी ते आठवीच्या वेळापत्रकात इतिहासाचा तास वेगळा असतो, भाषेचा तास वेगळा असतो. संस्कृती नावाचा तास तर नसतोच. ती बिचारी वर्षातून एकदा, स्नेहसंमेलनाच्या दिवशी, फेटा बांधून नि नऊवारी नेसून शाळेत येते. इतिहासाच्या तासाला मुलं सनावळ्या पाठ करतात आणि भाषेच्या तासाला निबंध पाठ करतात. परीक्षा झाली की दोन्ही विसरतात. मग आपण म्हणतो, आजकालच्या मुलांना इतिहासाची गोडी नाही आणि चार ओळी स्वतःच्या लिहिता येत नाहीत.

मला आज तुमच्यापुढं एकच गोष्ट मांडायची आहे. हे तीन विषय मुळात वेगळे नाहीत. मुलानं आपल्या गावातली एखादी गोष्ट डोळ्यांनी पाहावी, तिच्याविषयी जाणत्या माणसाला विचारावं, मिळालेलं उत्तर पारखून घ्यावं आणि मग ते स्वतःच्या शब्दांत लिहावं. या एका कामात इतिहास आला, संस्कृती आली आणि निबंधही आला. यासाठी वेगळी खोली लागत नाही की अनुदान लागत नाही. थोडा वेळ लागतो आणि शिक्षकाचा धीर लागतो.

‘नदीचे आत्मवृत्त’ हा निबंध तुम्ही किती वेळा तपासला असेल! वहीतली ती नदी बहुधा उंच हिमालयात जन्म घेते, बर्फातून वाहते, मोठमोठ्या शहरांतून फिरते आणि शेवटी सागराला मिळते. लिहिणाऱ्या मुलाचं घर मात्र पंचगंगेच्या काठावर असतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती अशा पाच नद्यांची ही पंचगंगा प्रयाग चिखलीला एक होते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जाते. त्या मुलानं या नदीत पोहायला शिकलेलं असतं, म्हशी धुतलेल्या असतात, पुराचं पाणी उंबऱ्याशी आलेलं पाहिलेलं असतं. तरी वहीत येते ती हिमालयातली नदी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

यात मुलाचा दोष नाही. आपल्या घरात, आपल्या शिवारात लिहिण्यासारखं काही असतं, असं त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. निबंध म्हणजे पुस्तकातल्या माणसांनी पुस्तकातल्या भाषेत केलेली गोष्ट, असं त्याच्या मनानं घेतलेलं असतं. ही समजूत नुसत्या गुणांचं नुकसान करत नाही. आपल्या आईबापांचं आयुष्य कागदावर यायच्या लायकीचं नाही, असं ते मूल नकळत शिकतं. शिक्षणातलं हे फार मोठं नुकसान आहे आणि ते टाळणं आपल्या हातात आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. प्रत्येक मुलाला वहीच्या पानावर चार रकाने आखायला सांगा. पहिल्या रकान्याला नाव द्या ‘पाहिलं’, दुसऱ्याला ‘ऐकलं’, तिसऱ्याला ‘वाचलं’ आणि चौथ्याला ‘मला वाटतं’. कोणतीही माहिती मिळाली की ती यांपैकी कोणत्या रकान्यात बसते, हे मुलानं आधी ठरवायचं. इतिहासकार मोठमोठे ग्रंथ लिहितात तेव्हा त्यांनाही हीच निवड करावी लागते. फरक इतकाच, की त्यांचे रकाने जरा मोठे असतात.

उदाहरणादाखल महापुराचा पाठ घेऊ. आपल्या जिल्ह्यात १९८९, २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे पूर लोकांच्या ध्यानात आहेत. नदीकाठच्या पुष्कळ गावांत शाळेच्या, देवळाच्या किंवा चावडीच्या भिंतीवर पाण्याची खूण राहिलेली असते, नाहीतर कोणीतरी रंगानं करून ठेवलेली असते. मुलांना सुतळी आणि मोजपट्टी घेऊन तिथं न्या. खूण जमिनीपासून किती उंच आहे ते मोजू द्या. हे झालं ‘पाहिलं’.

मग घरी जाऊन मोठ्यांना विचारू द्या: पाणी कोणत्या वेळी चढलं? गुरं कुठं हलवली? धान्य वाचलं का? कोणी कोणाला आसरा दिला? हे झालं ‘ऐकलं’. दुसऱ्या दिवशी वर्गात गंमत होईल. एकाची आजी म्हणेल, २००५ चा पूर मोठा. दुसऱ्याचे काका म्हणतील, छे, २०१९ चाच मोठा. इथं शिक्षकानं घाई करू नये. निकाल देऊ नये. उलट विचारावं, ‘आता हे ठरवायचं कसं?’ इतिहासाचा खरा तास इथून सुरू होतो.

मुलं मग तिसऱ्या रकान्याकडं वळतील. ग्रामपंचायतीचं दप्तर, जुनी वर्तमानपत्रं, पाटबंधारे खात्याचे आकडे. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. तिथं ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी मानतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथलं पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. एवढं कळल्यावर एखादा चुणचुणीत मुलगा विचारील, ‘गुरुजी, मग आपल्या भिंतीवरची खूण तर पाचच फुटांवर आहे. हे कसं?’ त्याची पाठ थोपटा. बंधाऱ्यावरचा आकडा बंधाऱ्याजवळचा आहे, भिंतीवरचा आकडा भिंतीचा आहे. कोणताही आकडा कुठं आणि कशापासून मोजला हे कळल्याशिवाय तो वापरायचा नसतो. मोठी माणसंही जिथं चुकतात, ती गोष्ट सहावीतलं पोर अशी सहज शिकतं.

आणि आजीचं काय? ती खोटं बोलली का? मुळीच नाही. कदाचित २००५ मध्ये तिची दुभती म्हैस वाहून गेली असेल. २०१९ ला घर वेळेवर रिकामं केल्यामुळं सगळं वाचलं असेल. माणसाची आठवण पूर फुटांत मोजत नाही, काय गेलं त्यावर मोजते. म्हणून चांगल्या निबंधात दोन्ही गोष्टी याव्यात: पाणी किती चढलं ते आणि आजीला कोणता पूर मोठा वाटतो, का वाटतो तेही. आकड्यानं आठवणीला खोटं पाडायचं नाही आणि आठवणीनं आकडा झाकायचा नाही.

ज्यांचं गाव डोंगरकपारीला आहे, शाहूवाडीत, गगनबावड्यात किंवा चंदगडात आहे, त्यांना पूर नको असेल तर दुसरे विषय आहेत. गावात वीज केव्हा आली? पहिली एसटी कोणत्या वर्षी आली आणि त्याआधी बाजाराला कसं जात? गावची जुनी विहीर कोणी खोदली आणि तिच्यावर पाणी भरायला कोणाला मज्जाव होता? प्रत्येक गावाजवळ असे आठ-दहा प्रश्न असतात.

शिक्षकांच्या अगदी हाताशी असलेलं आणखी एक साधन म्हणजे शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंड ठरवला होता. त्या काळात एक रुपया ही थोडी रक्कम नव्हती. १९१९ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एकाच शाळेत घेण्याचा हुकूम झाला. पाठ्यपुस्तकात या गोष्टी दोन-तीन ओळींत संपतात. पण ज्या शाळांना शंभर वर्षं होऊन गेली, त्यांच्या कपाटातल्या रजिस्टरात त्याच ओळी माणसांच्या रूपानं उभ्या असतात.

हे रजिस्टर मुलांच्या हाती मोकळं सोडू नये. त्यात लोकांची नावं, जाती, जन्मतारखा असतात. त्या वर्गात वाचून दाखवणं बरं नव्हे. शिक्षकांनी स्वतः बसून मोजणी करावी आणि नावाशिवाय फक्त संख्या फळ्यावर मांडाव्यात. अमुक वर्षी किती मुलं दाखल झाली? त्यांत मुली किती? चौथीच्या आत किती जणांनी शाळा सोडली आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिलं आहे? ज्या समाजांची मुलं सुरुवातीला दिसतच नाहीत, ती कोणत्या वर्षापासून दिसू लागतात? दर दहा वर्षांची एक संख्या घेतली तरी फळ्यावर गावाचा इतिहास उतरतो. मग मुलांना सांगा, ‘या आकड्यांवरून तुम्हाला काय वाटतं ते चौथ्या रकान्यात लिहा.’ हुकूम निघाला म्हणजे लगेच सगळी मुलं शाळेत आली असं नाही, हे त्यांचं त्यांनाच कळेल. कायदा एका दिवसात होतो, पण घरातली मुलगी शाळेत यायला कधी कधी दोन पिढ्या जातात.

काही ठिकाणी जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात. मोडी वाचणारा जाणकार मिळाला तर त्याला एक दिवस शाळेत बोलवा. मुलांना आपलं नाव मोडीत लिहायला फार आवडतं, आणि आपल्याच भाषेचं जुनं अक्षर आपल्याला वाचता येत नाही हे पाहून इतिहासाच्या अभ्यासाला कष्ट का पडतात, हेही समजतं.

कागद नसेल तर दगड बोलतो. आपल्याकडं अनेक गावांत देवळाच्या आवारात किंवा वेशीजवळ कोरीव शिळा पडलेल्या असतात. कोणी त्यांना शेंदूर लावतो, कोणी त्यांवर कपडे धुतो. त्यांतल्या पुष्कळ वीरगळ असतात. वीरगळ खालून वर वाचायचा. खालच्या चौकटीत पडलेला वीर किंवा त्यानं राखलेली गुरं असतात, त्यावर लढाई, त्यावर वीराला स्वर्गाकडं नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. चंद्रसूर्य असेतोवर त्याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. मुलांना आधी काही सांगू नका. नुसतं चित्र काढायला लावा आणि ‘खालच्या माणसाचं वरती काय झालं?’ एवढंच विचारा. बहुतेक गोष्ट ती स्वतःच जुळवतात. बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. ज्यांनी गावाची गुरं राखताना प्राण दिले त्या माणसांची नावं राहिली नाहीत, दगड राहिले. यावर लिहायला सांगितलं तर मुलांच्या लेखणीला आपोआप गांभीर्य येतं.

कोल्हापुरात सहल आलीच तर टाऊन हॉलमधलं वस्तुसंग्रहालय चुकवू नका. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४ ते १९४६ या काळात सापडलेल्या वस्तू तिथं आहेत. त्यांत कांस्याची एक छोटी मूर्ती आहे, ती पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची. समुद्रापासून घाट चढून यावं लागतं अशा आपल्या गावात परक्या समुद्राचा देव आला कसा? मुलांना हा प्रश्न विचारून गप्प राहा. सातवाहनांच्या काळात इथल्या व्यापाऱ्यांचे रोमन जगाशी संबंध होते, ही गोष्ट मग सांगितली तर ती जन्मभर लक्षात राहते. पन्हाळ्यावरही असंच. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी देह ठेवला, हे मुलांना माहीत असतं. त्यांना गडावरच्या अंबरखान्यासमोर उभं करा आणि विचारा, ‘वेढा महिनोन्‌महिने चालला तर आतल्या माणसांनी खायचं काय? धान्य कुठून भरत असतील, कुठून काढत असतील? पाणी कुठलं?’ किल्ला तोफांइतकाच धान्यावर आणि पाण्यावर लढतो, हे शेतकऱ्याच्या मुलाला चटकन पटतं.

आता एक नाजूक मुद्दा. गावात दंतकथा असतात. देवीनं कोल्हासुराला मारलं म्हणून कोल्हापूर, अमुक तळ्यात सोन्याची भांडी, तमुक बुरुजाखाली भुयार. शिक्षकानं या कथांना हसू नये आणि त्या इतिहास म्हणून सांगूही नयेत. मुलाला ‘अशी आख्यायिका आहे’ आणि ‘असं घडलं’ या दोन वाक्यांतला फरक शिकवावा. आख्यायिका खोटी म्हणून टाकून द्यायची नसते. लोकांनी काय जपलं, कशाला भ्यायले, कशाचा अभिमान धरला, हे ती सांगते. तिची जागा संस्कृतीच्या पानावर आहे, एवढं समजलं म्हणजे झालं.

पुराव्यानं मत बदलतं, हेही मुलांना कळू द्या. शिवाजी महाराजांचं जन्मवर्ष पूर्वी १६२७ सांगितलं जाई. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी निघाली. पुढं परमानंदाच्या शिवभारतातही तीच तिथी मिळाली. एका साक्षीदाराला दुसरा साक्षीदार भेटला. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पण फाल्गुनासारखा महिना जानेवारीनंतर येतो, म्हणून तिथं ७९ मिळवायचे. म्हणजे १६३०, आणि तारीख १९ फेब्रुवारी. हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्या. महाराजांवरची भक्ती यानं तसूभरही कमी होत नाही. उलट ज्यांच्यावर आपली श्रद्धा आहे त्यांच्याविषयी अचूक बोलावं, ही शिस्त अंगी येते.

ही शिस्त आज फार गरजेची झाली आहे. पूर्वी अफवा पारावर निघायची आणि वेशीपर्यंत जाईतो दमायची. आज ती मोबाईलवरून क्षणात जिल्हाभर जाते. जून २०२३ मध्ये आपल्याच कोल्हापूर शहरात मोबाईलवर ठेवलेल्या मजकुरावरून तणाव वाढला, दगडफेक झाली, पोलिसांना लाठीमार करावा लागला आणि इंटरनेट बंद ठेवावं लागलं. वादाचं मूळ शेकडो वर्षांपूर्वीच्या नावांत होतं; दुकानं मात्र आजच्या माणसांची फुटली. म्हणून सातवी-आठवीच्या मुलांना एक सवय लावा. इतिहासाविषयी काही मजकूर आला की तीन प्रश्न विचारायचे: हे कोणी लिहिलं? त्याला हे कशावरून कळलं? दुसरा कोणी साक्षीदार आहे का? तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर तो मजकूर पुढं पाठवायचा नाही. चार रकान्यांची सवय झालेल्या मुलाला हे जड जात नाही.

संस्कृतीकडं वळू. संस्कृती म्हणजे फक्त नाच, गाणं आणि सण नव्हेत. माणसं काम कशी करतात, एकमेकांशी कशी वागतात, त्यांच्याजवळ कोणते शब्द आहेत, हेही संस्कृतीच. हंगामात एखादं गुऱ्हाळ चालू असेल तर मुलांना तिथं न्या. उसाचा रस काहिलीत पडतो, चुलवाणात वाळलेलं चिपाड सारतात, रानभेंडीचं पाणी घातलं की मळी वर येते आणि ती काढून टाकतात. पाक झाला की नाही हे गुळव्या थेंबभर पाण्यात टाकून, बोटांनी गोळी करून ओळखतो. मग पाक वाफ्यात ओततात आणि निवला की ढेपा भरतात. ‘काहील’, ‘चुलवाण’, ‘गुळव्या’, ‘वाफा’ हे शब्द मुलांच्या वहीत उतरू द्या. गुऱ्हाळं कमी होत चालली आहेत; त्यांच्याबरोबर हे शब्दही जातील. ज्या वहीत ते लिहिले जातील ती वही उद्या कोणाला तरी इतिहासाचं साधन म्हणून उपयोगी पडेल.

कोल्हापुरी चपलेचंही तसंच आहे. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तेही महाराष्ट्रातल्या चार व कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. नकाशावर रेघ आहे, पण कातडं कमावणाऱ्या आणि वेणी घालणाऱ्या हातांची परंपरा रेघेच्या दोन्ही बाजूंना आहे. चपलेचा अभिमान सगळे धरतात. ती करणाऱ्याला गावानं कसं वागवलं, हा प्रश्नही त्याच धड्यात विचारायला हवा. अभिमान आणि विचारपूस बरोबर चालली म्हणजे संस्कृतीचं शिक्षण पुरं झालं.

राहिला निबंध. खरं तर तो निम्मा झालेलाच आहे, कारण मुलाजवळ आता सांगण्यासारखं काही आहे. रिकाम्या आडातून पोहऱ्यात काय येणार? आधी आड भरला पाहिजे. ‘निबंध लिहा’ असं न म्हणता ‘ज्यानं हे पाहिलं नाही त्याला पत्रानं कळवा’ असं सांगा. चार रकान्यांतली प्रत्येकी दोन-तीन टिपणं निवडायला सांगा. पहिल्या परिच्छेदात पाहिलेलं, दुसऱ्यात ऐकलेलं, तिसऱ्यात वाचलेलं आणि शेवटी आपलं मत, एवढा साधा साचा सुरुवातीला पुरे. हात बसला की मुलं साचा आपोआप मोडतात.

महापुराच्या पाठानंतर सहावीतलं एखादं मूल असं लिहू शकेल: ‘आमच्या शाळेच्या खांबावर पुराची रेघ आहे. मी ती सुतळीनं मोजली. ती पाच फूट दोन इंचांवर आहे. माझी उंची चार फूट सात इंच आहे. त्या दिवशी मी इथं उभा असतो तर बुडालो असतो. आजी म्हणते, त्याआधीचा पूर मोठा होता, कारण तेव्हा आमची म्हैस गेली. शेजारच्या काकांनी आम्हाला आठ दिवस ठेवून घेतलं.’ या उताऱ्यात अलंकार नाही, सुभाषित नाही. पण प्रत्येक वाक्य त्या मुलाचं आहे, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढं खांब उभा राहतो. ‘माझे गाव’ या विषयावर निबंध सांगितला तर हल्ली मोबाईलही क्षणात लिहून देतो. पण तुमच्या खांबावरची रेघ त्याला मोजता येत नाही आणि तुमच्या आजीला तो विचारू शकत नाही.

तपासताना लाल शाई जपून वापरा. पहिल्या वाचनात एकही ऱ्हस्वदीर्घ सुधारू नका. समासात फक्त दोन प्रश्न लिहा: ‘हे तुला कोणी सांगितलं?’ किंवा ‘इथं अजून काय दिसत होतं?’ मूल पुन्हा लिहील. दुसऱ्या वेळी शुद्धलेखनाकडं बघा, आणि तेही एका वेळी एकाच प्रकारच्या चुका. बोलीचं काय करायचं, असं पुष्कळ शिक्षक विचारतात. आजीचं बोलणं आजीच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत येऊ द्या. ‘लई पाणी आल्तं बाळा’ हे वाक्य सुधारलं तर आजीच नाहीशी होते. मुलाचं स्वतःचं निवेदन मात्र हळूहळू प्रमाण भाषेकडं न्या. घरची भाषा अशुद्ध म्हणून हिणवली की मुलाची लेखणी अडते. दोन्ही भाषांची जागा दाखवून दिली की ते दोन्हींत तरबेज होतं.

या कामाला आपल्या जिल्ह्यात जुना आधार आहे. आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीत जन्मलेले जे. पी. नाईक पुढं १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. त्याआधी, १९५२ मध्ये, गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. खेड्याचं शिक्षण खेड्याच्या जीवनाशी बांधलेलं असावं, हा त्यामागचा विचार. मोठी संस्था काढणं सगळ्यांना जमणार नाही. वर्गातल्या एका तासाची गाठ गावाशी मारणं मात्र कोणालाही जमेल.

गावकरी मंडळींनो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. एखादं पोर वही घेऊन दारात आलं आणि ‘तुमच्या लहानपणी कसं होतं?’ असं विचारू लागलं, तर ‘जा, अभ्यास कर’ म्हणून त्याला घालवू नका. तो अभ्यासच करतो आहे. त्याला बसवा, आठवतं तेवढं सांगा, आणि आठवत नसेल तिथं ‘आठवत नाही’ असं सरळ सांगा. तेही तो लिहून घेईल. ट्रंकेतली जुनी पावती, विहिरीचा करार, लग्नपत्रिका, पलटणीतल्या माणसाचं पत्र असेल तर दाखवा, पण मूळ कागद हातातून देऊ नका.

आणि शिक्षकहो, वर्षाच्या अखेरीस मुलांचे हे निबंध रद्दीत जाऊ देऊ नका. चांगले पंचवीस-तीस निबंध एकत्र शिवा, वर वर्ष आणि इयत्ता घाला आणि शाळेच्या कपाटात ठेवा. सांगणाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांची नावं शेवटी लिहा. दहा वर्षांत दहा वह्या होतील. ज्या गावाचं नाव कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात नाही, त्या गावाजवळ मग त्याच्या मुलांनी लिहिलेला इतिहास असेल. सुरुवातीला एकच विषय घ्या, एकच इयत्ता घ्या. या आठवड्यात मोजपट्टी आणि सुतळी घेऊन शाळेच्या भिंतीपासून आरंभ करा.